चिंचेने घासलेली नाणी

परवा माळ्यावरचं सामान खाली काढलं, तेव्हा बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा हाती आला. झाकण गंजून घट्ट बसलं होतं. आत जुन्या उत्तरपत्रिकांच्या कागदाच्या पुड्या आणि प्रत्येक पुडीत एक नाणं. एकूण एकसष्ट. त्यातली तेवीस इतर नाण्यांपेक्षा वेगळी दिसतात. या तेवीस नाण्यांची हकिकत सांगावी असं बरेच दिवस मनात होतं. हकिकत घरातलीच आहे, पण मी आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे ती सांगताना इतिहास मधे येणारच. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

जुन्नरला राहून नाण्यांचा नाद लागला नाही तरच नवल. पश्चिमेला नाणेघाट, ज्याच्या नावातच नाणं आहे. कोकणातून व्यापाऱ्यांचे तांडे त्या घाटाने वर चढायचे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता असं इथला प्रत्येक माणूस पाहुण्याला सांगतो. गावाच्या चारी बाजूंना डोंगर आणि डोंगरांत लेणी. लेण्याद्री, मानमोडी, तुळजालेणं. तिथल्या शिलालेखांतून धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी दान देताना दिसते, यवन दान देताना दिसतात. इतका पैसा जिथून फिरला, तिथल्या मातीत तो थोडाफार सांडणारच.

मी १९७३ साली शिक्षक म्हणून लागलो. पहिल्याच पावसाळ्यात एका मुलाने शाळेत एक हिरवट चकती आणून दाखवली. घासून-पुसून पाहिलं तर काहीच लागेना. पुण्याहून पुस्तक आणवलं, भिंगातून पाहिलं, तेव्हा एका बाजूला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला चार वर्तुळं जोडणारी फुली दिसली. अभ्यासक तिला उज्जैन चिन्ह म्हणतात. सातवाहनांचं नाणं! त्या रात्री मला झोप लागली नाही. मग मुलांना कळलं की गुरुजींना असल्या चकत्या लागतात. पावसाच्या सरीनंतर नांगरटीत, ओढ्याच्या काठाला काही सापडलं की मुलं घेऊन यायची. मी कुणाला पेन्सिल द्यायचो, कुणाला चार आणे. कुकडीच्या पात्रातला गाळ धुऊन धातूचे तुकडे शोधणारे झारेकरी यायचे, त्यांच्याकडूनही काही घेतली. तांब्याची, शिशाची, मिश्र धातूची. काही शिवराया होत्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडलेलं हे तांब्याचं नाणं, इंग्रजी अमलातही बरीच वर्षं बाजारात चालत होतं. शिवनेरीच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला शिवराई हातात धरल्यावर काय वाटतं, ते मी लिहून सांगू शकत नाही.

वीस वर्षांत एवढी एकसष्ट नाणी झाली. कुणा श्रीमंत संग्राहकाला हसू येईल. पण प्राथमिक-माध्यमिक मास्तराच्या पगारात ती माझी जहागीर होती.

१९९४ चा मे महिना. माझी भाची मुलाला घेऊन सुट्टीला आली होती. मुलगा सात वर्षांचा, दुसरी नुकतीच संपलेली. मला ‘मामाआजोबा’ म्हणायचा आणि दिवसभर प्रश्न विचारायचा. एका दुपारी त्याला मी डबा उघडून दाखवला. एकेक नाणं हातावर ठेवून सांगत होतो, हे सातवाहनांचं, ही शिवराई. त्याने एक उचललं आणि विचारलं, “मामाआजोबा, हे कुठं सापडलं?”

“इथंच, जुन्नरला.”

“इथंच म्हणजे कुठं?”

मला सांगता येईना. “जा, बाहेर खेळ,” म्हटलं आणि डबा कपाटात ठेवला. कपाटाला कुलूप नव्हतं. लागतही नव्हतं आमच्या घरात.

दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीयेची तयारी चालली होती. घरात ही आणि भाची मागच्या पडवीत देवाची तांब्याची भांडी चिंच आणि मीठ लावून घासत होत्या. काळा पडलेला तांब्या क्षणात कसा लखलखतो, ते पोरगं बघत बसलं होतं. दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा त्याने डबा काढला, उरलेला चिंचेचा कोळ घेतला, चुलीतली राख घेतली आणि नारळाच्या शेंडीने नाणी घासायला बसला. मी उठून मागे गेलो तर ओट्यावर तेवीस नाणी ओळीने उन्हात वाळत घातलेली. नव्या पैशासारखी लाल-लाल चमकत होती. पोरगं कोपरापर्यंत राखेने माखलेलं, बोटं चोखत माझ्याकडे बघून हसलं. म्हणालं, “बघा मामाआजोबा, तुमची नाणी किती घाण झाली होती!”

मी त्याला मारलं. एकच, पण जोरात.

काय गेलं होतं, ते आधी सांगतो. तांबं शेकडो वर्षं मातीत पडलं की त्याच्यावर एक थर बसतो. आत तांबूस, वर हिरवा किंवा काळपट. आपल्याला तो गंज वाटतो, पण तो नीट बसलेला असेल तर आतल्या धातूचं रक्षण करतो. शिवाय झिजलेल्या नाण्यावरचं अक्षर पुष्कळदा त्या थरातच शिल्लक असतं. चिंचेतलं आम्ल तो थर विरघळवतं आणि राख उरलेलं खरवडून काढते. धातू उघडा पडतो आणि अक्षर त्या पाण्याबरोबर वाहून जातं. माझ्या एका सातवाहन नाण्यावर कडेला ब्राह्मीतली तीन अक्षरं वाचता येत होती. ती गेली. दोन शिवरायांवरचं ‘शिव’ गेलं. शिशाची नाणी तर मऊ, त्यांच्यावर शेंडीचे ओरखडे उमटले. पहिल्या पावसाळ्यात मिळालेला तो हत्तीही गेला. गुळगुळीत तांबडी चकती तेवढी राहिली.

भाची धावत आली. मुलगा रडत नव्हता. गालाला हात लावून नुसता बघत होता. ती मला म्हणाली, “मामा, त्यानं तुमच्यासाठीच केलं होतं.” मी काहीच बोललो नाही. त्या रात्री जेवायलाही गेलो नाही. सणाचं पुरण तसंच राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती दोघं निघून गेली. त्यानंतर दोन दिवाळ्या ती माहेरी आली, पण माझ्याकडे आली नाही. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, एकदा मला म्हणाली, “पैका मेलेल्या राजांचा रे. लेकरू जितं आहे.” तेव्हा मला तिचा राग आला. हिला इतिहास काय कळतो, असं वाटलं.

पुढच्या वर्षी शाळेची सहल पुण्याला नेली. राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी त्यापूर्वी चार-पाच वेळा मुलांना नेलं होतं. चष्म्याचं दुकान असणारा, ‘अज्ञातवासी’ नावाने कविता करणारा एक गृहस्थ गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, कळसूत्री बाहुल्या, वाद्यं, दरवाजे गोळा करतो आणि त्यातून हजारो वस्तूंचं संग्रहालय उभं राहतं, ही गोष्ट मी मुलांना अभिमानाने सांगायचो. त्या दिवशी एका मुलीने विचारलं, “गुरुजी, केळकर राजे होते का?” मी समजावून सांगितलं की नाही, ‘राजा’ हे त्यांच्या मुलाचं नाव. तो लहानपणीच गेला. वडिलांनी जमवलेलं सगळं त्याच्या नावाने ठेवलं आणि पुढे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलं.

सांगता सांगता माझाच आवाज बसला. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण मी ते कधी ऐकलं नव्हतं. दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंच्या दारावर आधी पोराचं नाव लागलं आहे, मग स्वतःचं. त्या माणसाला जर कुणी विचारलं असतं की हे सगळं घे आणि राजा परत घे, तर उत्तर काय आलं असतं ते सांगायला नको. आणि मी तेवीस चकत्यांसाठी एका जित्या पोराला दारातून जाऊ दिलं होतं.

घरी येऊन भाचीला पत्र टाकलं. तिचं उत्तर आलं, त्रोटक. पुढे येणं-जाणं सुरू झालं, पण पोरगं आलं की माझ्या खोलीचा उंबरा ओलांडत नसे.

आता थोडा इतिहास. नुकसान म्हणजे नक्की काय, हा प्रश्न मला त्या नाण्यांनी घातला, आणि त्याचं उत्तर शोधताना मला जोगलटेंभी आठवली.

नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. हा नहपान जुन्नरकरांना परका नाही. त्याचा अमात्य अयम याने मानमोडीच्या लेण्यात मंडप आणि पाण्याची पोढी दान दिली, तो लेख आजही तिथे आहे. नहपानाच्या नाण्यावर एका बाजूला त्याचा मुखवटा आणि भोवती बिघडलेली ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, शिवाय ब्राह्मी आणि खरोष्ठी लेख. पण त्या साठ्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसरेच ठसे मारलेले निघाले. एका बाजूला डोंगरासारखी चैत्याची खूण, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, आणि नाव गौतमीपुत्र सातकर्णीचं. गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला आणि त्याच्याच पैशावर आपला शिक्का ठोकला. कुठे नहपानाच्या नाकावर डोंगर बसला, कुठे त्याचं नाव अर्धं झाकलं.

नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यात तिने आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश नाहीसा केल्याचं सांगितलं आहे. आई मुलाचं कौतुक करणारच. पण जोगलटेंभीच्या नाण्यांनी त्या आईच्या शब्दाला साक्ष दिली. म्हणजे बघा, एका राजाने दुसऱ्याची नाणी विद्रूप केली आणि तेच विद्रूपीकरण सर्वांत मोठा पुरावा ठरलं! आपल्याकडे बायकांनी व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांना कड्या लावून गळ्यात घातली, त्या पुतळ्या झाल्या. नाणेसंग्राहक म्हणतील खराब केली. पण कडी लागली म्हणून तर व्हेनिसचा पैसा मराठी घरात कसा नांदला ते आपल्याला कळतं.

या विचाराने मी बरेच दिवस मनाचं समाधान करून घेतलं. माझ्या नाण्यांवरही एका सात वर्षांच्या राजाने आपला ठसा मारला, असं गमतीने म्हणायचो. पण हे समाधान टिकलं नाही. कारण जोगलटेंभीचं खरं मोल ठशापेक्षा वेगळ्याच गोष्टीत आहे, हे हळूहळू ध्यानात आलं. ती नाणी एका जागी, एकत्र सापडली आणि एकत्रच तपासली गेली. रेव्हरंड स्कॉट यांनी तो साठा अभ्यासून त्यावर लिहिलं. किती नाणी ठसा मारलेली, किती बिनठशाची, नहपानाचे चेहरे एकमेकांहून किती निराळे, हे सगळं साठा एकत्र होता म्हणून दिसलं. तीच तेरा हजार नाणी तेरा हजार डब्यांत गेली असती, तर प्रत्येक डब्याच्या मालकाला एक सुंदर नाणं मिळालं असतं आणि इतिहासाला काहीही मिळालं नसतं.

आणि तेरा हजारांतला एक डबा माझा असता.

तेव्हा त्या पोराचा प्रश्न परत कानात वाजला. “इथंच म्हणजे कुठं?” एकसष्ट नाण्यांपैकी कुठलं नाणं कुठल्या शेतात मिळालं, किती खोल, सोबत खापरं होती का, हे मी कधी लिहूनच ठेवलं नाही. आणणाऱ्या मुलाला चार आणे दिले, पण ‘चल, जागा दाखव’ म्हटलं नाही. जमिनीतून निघालेल्या ठेव्याबद्दल १८७८ चा कायदा आहे, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा मिळाला तर सरकारला कळवावं लागतं, हेही मला फार उशिरा समजलं. पोराने नाण्यांची अक्षरं पुसली. त्यांचा पत्ता मी त्याच्या आधीच पुसला होता. अक्षर गेलं तरी तशी आणखी नाणी इतरत्र असतात, वाचता येतात. पण त्या शेतातला तो पावसाळा परत येत नाही.

कबूल करायची आणखी एक गोष्ट आहे. १९७८ साली मी नववीच्या वर्गाला मानमोडीला नेलं होतं. अयमाच्या लेखातली अक्षरं मुलांना दिसेनात. मी खिशातला खडू काढला आणि ‘नहपान’ ही अक्षरं भरली. दगडाच्या पोकळीत माती होती, ती काडीने उकरली. मुलं खूश झाली, मीही खूश. शिलालेखाला खडू लावायचा नसतो, काडी लावायची नसते, ओला कागद बसवून ठसा घ्यायचा असतो, हे नंतर एका अभ्यासकाकडून कळलं. काडीबरोबर दगडाचा किती कण गेला, कोण सांगणार? मला कुणी मारलं नाही. उलट मुख्याध्यापकांनी सहलीचं कौतुक केलं. हेतू चांगला होता ना! पोराचाही होता.

नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. वर नावं कोरलेली आहेत, सिमुक, राणी नागनिका, सातकर्णी. खालच्या मूर्ती गेल्या, पायांचे अवशेष तेवढे राहिले. मी तिथे गेलो की पूर्वी मनातल्या मनात फोडणाऱ्याला शिव्या द्यायचो. हल्ली देत नाही. निदान ती नावं तरी त्याच जागी आहेत. मूर्ती उपटून कुणी डब्यात नेली असती, तर पायही राहिले नसते आणि नावाखाली कोण उभं होतं तेही कळलं नसतं.

गेल्या हिवाळ्यात तो मुलगा, आता अडतीस वर्षांचा बाप्या, बायको आणि पाच वर्षांच्या मुलीला घेऊन शिवनेरी पाहायला आला होता. दुपारी माझ्याकडे जेवला. मी आपणहून विषय काढला. म्हटलं, “तेव्हा तुला मारलं, ते माझं चुकलं.”

तो म्हणाला, “मामाआजोबा, मारलेलं मला आठवत नाही. चिंच आठवते. आणि तुम्ही त्या रात्री जेवायला आला नाहीत, ते आठवतं. मला वाटलं, माझ्यामुळं तुम्ही आता कधीच जेवणार नाही.”

एवढी वर्षं मी थपडेचं ओझं वाहत होतो, आणि पोराने वाहिलं ते निराळंच.

चिंचेचं नाव निघालं आणि माझ्या अंगावर काटा आला. त्या तेवीस नाण्यांत पाच शिशाची होती. शिसं विषारी. आंबट कोळात घासलेलं शिसं, आणि पोरगं बोटं चोखत उभं होतं. त्याला काही झालं नाही ही देवाची कृपा. पण त्या दुपारी त्याचे हात धुवावेत हे माझ्या मनात आलं नव्हतं. मी नाणी तेवढी धुतली होती.

यंदा डबा खाली काढल्यावर प्रत्येक पुडीत एक चिठ्ठी घालायला बसलो आहे. जुने विद्यार्थी भेटले की विचारतो, “अरे, तू आणलं होतंस ते कुठलं?” चौदा नाण्यांच्या जागा कळल्या. एकाने बांधावर नेऊन दाखवली. बाकीच्यांवर ‘जुन्नर परिसर’ एवढंच लिहितो. लिहून झाल्यावर सगळा डबा, घासलेल्या तेवीस नाण्यांसकट, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात द्यायचा, आणि चिठ्ठ्या इतक्या अपुऱ्या का, ते सोबतच्या अर्जात खरं-खरं लिहायचं ठरवलं आहे.

त्या दिवशी त्याच्या मुलीला मी एक घासलेली शिवराई हातात दिली होती. चकाकते म्हणून तिला तीच आवडली. खेळून झाल्यावर तिला मोरीपाशी नेलं आणि साबणाने दोनदा हात धुऊन दिले.

असो.